तपासणी कोणाची, बालगृहाची की भिंतीच्या रंगाची?

करमाड हे नाव साऱ्या देशाने ऐकले ते ८ मे २०२० च्या पहाटे. टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर आमच्या गावाजवळ रुळांवर थकून झोपले होते. त्यांच्या अंगावरून मालगाडी गेली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. मग साहेबांच्या गाड्या आल्या, पंचनामे झाले, चौकशी लागली. गरीब माणूस मेला की त्याची चौकशी होते. तो जिवंत असताना मात्र त्याची चौकशी करायला कोणी फिरकत नाही, हे आम्ही त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिले.

आज त्याची आठवण निघण्याचे कारण वेगळे आहे. करमाडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर औरंगाबादच्या (सरकारी कागदात आता छत्रपती संभाजीनगर) छावणी भागात विद्यादीप बालगृह आहे. ३० जून २०२५ रोजी तेथून नऊ मुली बाहेर पडल्या आणि छळाच्या तक्रारी घेऊन जगासमोर आल्या. विषय विधिमंडळात गाजला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यात आम्ही पडत नाही. संस्था चालवणाऱ्यांचा धर्म कोणता, यावर काही मंडळींनी जो धुरळा उडवला त्यातही आम्हाला रस नाही. मारणाऱ्या हाताचा धर्म मार खाणाऱ्या पोरीला कळत नसतो. आमचा प्रश्न साधा आहे. मुलींना पळावे का लागले? ज्यांनी आत जाऊन त्यांचे ऐकायचे होते, ते तपासणारे लोक कोठे होते?

कायद्यात तपासणी नाही असे कोणी समजू नये. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ५४ स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्ह्यात तपासणी समिती असावी. तिने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी. पथकात तीनपेक्षा कमी माणसे नसावीत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. भेटीनंतर आठवड्यात अहवाल आणि महिन्यात कारवाई. म्हणजे वर्षाला किमान चार भेटी झाल्या. या हिशेबाने महाराष्ट्रातील एकाही बालगृहात, एकाही निरीक्षणगृहात मुलांचा छळ तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ लपून राहायला नको. प्रत्यक्षात काय होते?

आमच्या परिसरातील एका मजूर बाईचा मुलगा काही महिने एका निरीक्षणगृहात होता. जुन्या लोकांच्या भाषेत रिमांड होम. कापूस वेचणीची मजुरी बुडवून ती भेटीला जायची. एकदा मुलाच्या पाठीवर तिला वळ दिसले. तिने शेजारच्या शिकलेल्या पोराकडून अर्ज लिहून घेतला. काही आठवड्यांनी उत्तर आले, "चौकशीत आक्षेपार्ह काही आढळून आले नाही." मुलगा सुटून आल्यावर आम्ही त्याला विचारले, चौकशीला कोण आले होते? तो म्हणाला, "साहेब आले होते. अधीक्षकांच्या खोलीत बोलावलं. अधीक्षक खुर्चीतच बसले होते. मला विचारलं, जेवण बरं मिळतं का? मी हो म्हणालो." आम्ही विचारले, वळांचे का नाही सांगितलेस? पोरगा आमच्याकडे बघतच राहिला. साहेब तासाभराने गाडीत बसून जाणार होते, त्याला तर रात्री तिथेच झोपायचे होते!

तपासणीचे सारे मर्म या एका रात्रीत आहे. बालगृहाची तपासणी हे शाळा तपासणीसारखे काम नाही. येण्याची वर्दी आधी पोचली की चादरी बदलतात, भिंतीला चुना लागतो, ज्या पोरांना तोंड आहे ती त्या दिवशी 'दवाखान्यात' असतात. म्हणून तपासणाऱ्याने न कळवता जावे. आधी हजेरीपट घेऊन डोकी मोजावीत. नोंदवहीत चाळीस आणि रांगेत छत्तीस असतील तर उरलेली चार कोठे, हा पहिला प्रश्न. मग औषधोपचाराची वही पाहावी. एकाच महिन्यात तीन मुले 'पाय घसरून' पडली असतील तर त्या संडासाची फरशी पाहण्याआधी कर्मचाऱ्यांची पाळी कोणाची होती ते पाहावे. कड्या आतून लागतात की बाहेरून? तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात टांगली आहे की मुलांच्या खोल्यांजवळ, आणि तिची किल्ली कोणाच्या खिशात? कॅमेरे कोठे आहेत आणि कोठे असायला नकोत? हे सर्व झाल्यावर मुलांशी एकेकटे बोलावे, कर्मचारी नजरेच्याही टप्प्यात नको. सगळी मुले एकाच शब्दांत एकच उत्तर देऊ लागली की पाठांतर झाले आहे हे ओळखावे. आणि आठ दिवसांनी पुन्हा जावे. ज्या पोराने तोंड उघडले त्याचे नंतर काय झाले, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकाने बिहारमध्ये हेच केले. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात सरकारी माणसे आधीही जात होती, त्यांना काही दिसले नाही. 'कोशिश'ची तरुण मुले-मुली तिथल्या पोरींजवळ बसली, त्यांचे ऐकले आणि जे ऐकले ते लिहिले. २०१८ साली त्या अहवालावरून गुन्हा दाखल झाला. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने संस्थाचालक ब्रजेश ठाकूरला जन्मठेप दिली. मंत्र्यांपर्यंत हात पोचलेला माणूस एका कागदाने तुरुंगात गेला, कारण तो कागद खरा होता. आपल्या महाराष्ट्रातल्या शीला बर्से यांनी तर त्याच्या तीन दशके आधी एकटीच्या बळावर हे काम केले. देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या लहान मुलांचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९८६ साली न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग पाहण्याचे आदेश दिले. पुढे तारखांना कंटाळून त्यांनी याचिका मागे घ्यायचे ठरवले, तेव्हा न्यायालयाने त्यांना मोकळे केले, पण याचिका ठेवून घेतली.

आता थोडे आपल्या इतिहासाकडे वळू. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये त्याच कामाच्या फिरतीत ते चाळीसगावला उतरले. चाळीसगाव म्हणजे आमच्या कन्नडच्या घाटाखालचे गाव. तिथल्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतल्या एका माणसाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. अन्यायाची चौकशी करायला निघालेल्या माणसालाच तो अन्याय वाटेत भेटला. या समितीचे अध्यक्ष स्टार्टसाहेब स्वतः गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते, हेही ध्यानात घ्यावे. १८७१ च्या त्या काळ्या कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय झाली. चार वर्षांचे पोर गुन्हेगार! कायदा १९५२ साली गेला. नजर गेली का? आजही स्टेशनवर पाच पोरे उभी असली तर हवालदाराचा हात आधी पारध्याच्या पोराच्या दंडाला जातो.

म्हणूनच हा प्रश्न आमचा आहे. बालगृहांत आणि निरीक्षणगृहांत बंगल्यातली मुले नसतात. ऊसतोडीला गेलेल्यांची, विटभट्टीवरच्यांची, पालावरच्यांची, झोपडपट्टीतली पोरे तिथे असतात. आणि कायदा कोणाच्या बाजूने झुकला? अधिनियमाच्या कलम ७५ नुसार संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करण्याची वाट बंद झाली, आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणा! कापूस वेचणारी बाई तो कोठून आणणार? याच दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले. ते वापरले जातात की नाही, हे विचारणारा कोणी नको का?

येथे आपल्या चळवळीलाही थोडे सुनावले पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा पोराला आसरा देणे हे चळवळीचे पहिले काम होते. आज आपल्यातल्याच काही पुढाऱ्यांच्या नावावर वसतिगृहे आणि बालगृहे आहेत, आणि तिथल्या पोरांच्या ताटात काय पडते हे विचारले की विचारणारा चळवळद्रोही ठरतो. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण गल्लोगल्ली फिरतो. जिल्ह्यातील तपासणी समितीवर कोण आहे, हे मात्र आपल्या दहा कार्यकर्त्यांपैकी एकालाही सांगता येत नाही. विद्यापीठातून दरवर्षी आपली मुले-मुली समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडतात. शिक्षकभरतीची वाट पाहत वर्षे घालवतात. बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळाचे सामाजिक सदस्य, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक या जागांसाठी अर्ज करताना ती दिसत नाहीत. मानधन तुटपुंजे आहे, हे खरे. पण त्या खुर्चीत आपले माणूस नसेल तर तिथे संस्थाचालकाचा मेव्हणा बसणार.

तूर्त एक काम लगेच करता येईल. जिल्ह्यातील प्रत्येक बालगृहाची व निरीक्षणगृहाची गेल्या दोन वर्षांत किती वेळा तपासणी झाली, पथकात कोण होते, वैद्यकीय अधिकारी हजर होता का, अहवाल कोणत्या तारखेला दिला आणि त्यावर कोणती कारवाई झाली, एवढीच माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. मुलांची नावे मागू नयेत. ती उघड करण्यास कलम ७४ ने मनाई आहे आणि ती मनाई योग्यच आहे. करमाडमधून आम्ही असा अर्ज तयार केला आहे. पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नडच्या कार्यकर्त्यांनी नमुना हवा असल्यास कळवावे, प्रत पाठवू.