डच क्रियापद मुळात शेवटचंच

डच भाषेच्या वर्गात सुरुवातीचं वाक्य ‘इक लेस एन बूक’ अशा वळणाचं असतं: मी, वाचतो, एक पुस्तक. क्रियापद दुसऱ्या जागी. आरंभी ‘आज’ आणलं, तर कर्ता मागे सरकतो. क्रियापद जागेवरून हलत नाही: ‘फानदाख लेस इक एन बूक’. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात ते सगळ्यांच्या पुढे येतं: ‘लेस ये एन बूक?’ मग काही धड्यांनंतर ‘ओमदात’, म्हणजे ‘कारण’, येतं आणि क्रियापद थेट शेवटी जातं: ‘ओमदात इक एन बूक लेस’. शिकणाऱ्याला वाटतं, गौणवाक्य हाच विचित्र अपवाद.

खरं तर उलट आहे. यान कोस्तर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलं की डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे. क्रियापदाचं घर शेवटी. प्रधान वाक्यात आणि प्रश्नात ते तिथून पुढे येतं.

याचा पुरावा रोजच्या बोलण्यात सापडतो. ‘ओपबेलन’ म्हणजे फोन करणं. ‘मी तुला उद्या फोन करतो’ हे डचमध्ये ‘इक बेल ये मॉर्खन ओप’. ‘बेल’ पुढे आलं, पण त्याचा ‘ओप’ हा तुकडा शेवटीच राहिला. गौणवाक्यात दोन्ही पुन्हा एकत्र: ‘ओमदात इक ये मॉर्खन ओपबेल’. बोलायला लागलेली डच मुलंही ‘बाबा पुस्तक वाचणं’ अशा धाटणीची, शेवटी क्रियापद असलेली वाक्यं भरपूर बोलतात.

मराठी माणसाला हे अवघड का वाटावं? ‘कारण मी पुस्तक वाचतो’ हा क्रम त्याच्या जिभेवर जन्मापासून आहे. ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न डचमध्ये ‘वार वोन्त हेइ?’ असा, पण ‘मला माहीत नाही’च्या पोटात गेला की ‘वार हेइ वोन्त’. क्रियापद मराठीसारखंच शेवटी.

दोन ठिकाणी मात्र मराठीचा आधार सुटतो. ‘कारण’साठी डचमध्ये ‘ओमदात’ आणि ‘वान्त’ असे दोन शब्द आहेत, आणि ‘वान्त’ क्रम बदलत नाही. ‘मी आजारी आहे म्हणून’ हे ‘वान्त इक बेन झीक’ किंवा ‘ओमदात इक झीक बेन’ असं म्हणता येतं. ‘ओमदात इक बेन झीक’ हे प्रमाण डचमध्ये चूक. दुसरं, शेवटी दोन क्रियापदं आली तर आपण ‘पोहताना पाहिलं’ म्हणतो, डच माणूस ‘झाख झ्वेमन’, म्हणजे ‘पाहिलं पोहणं’. इथे सराव हाच उपाय.

आइंडहोवन, आम्स्तलवेन परिसरात कामानिमित्त अनेक मराठी कुटुंबं राहतात. त्यांना डच शिकवणाऱ्यांना आग्रहाची विनंती: पहिल्याच आठवड्यात ‘ओमदात’चं वाक्य फळ्यावर लिहा, आणि क्रियापद पुढे कसं येतं ते त्यानंतर शिकवा.