कोटातला हेर, घोंगडीतला हेर



आज माझीच एक फजिती सांगते. हसा खुशाल!

आमच्या मैंदर्गीच्या शाळेत गेल्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा होती. परीक्षक होते मी. चौथीतला एक मुलगा मोठ्या भावाचा काळा कोट, गळ्यात बो आणि काळा चष्मा घालून आला. ऐटीत म्हणाला, "मी जेम्स बॉण्ड!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. मीही लगेच दहापैकी नऊ गुण टाकले.

तेवढ्यात स्टेजच्या पायरीशी कुणीतरी आडवं आलं. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी, हातात काठी. मला वाटलं, कुणाचे तरी वडील कार्यक्रम बघायला आलेत. मी म्हणाले, "अहो मामा, जरा बाजूला व्हा बरं. मुलं येताहेत." मामा निमूटपणे बाजूला झाले.

पुढचा नंबर पुकारला आणि हेच मामा स्टेजवर चढले! मुंडासं काढलं, तर आमच्याच सातवीतला एक उंच मुलगा. म्हणाला, "मी बहिर्जी नाईक. शिवाजी महाराजांचा हेर. बाईंनी मला ओळखलं नाही, म्हणजे मी पास!"

सगळी शाळा हसली. मीही हसले, पण मनात विचार सुरू झाला. दोघंही हेरच. मग एकाचे कपडे असे आणि दुसऱ्याचे तसे का?

बॉण्डची गोष्ट आधी बघू. इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकानं १९५३ साली पहिल्या कादंबरीतून त्याला जन्म दिला. १९६२ साली 'डॉ. नो' हा त्याचा पहिला सिनेमा आला. नट होते शॉन कॉनरी. स्कॉटलंडमधल्या गरीब घरातले. लहान वयात शाळा सुटली आणि ते घरोघर दूध टाकू लागले. असल्या उंची सुटांची त्यांना सवय कुठली असायला? म्हणून दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्यांना लंडनमधल्या आपल्या स्वतःच्या शिंप्याकडे नेलं. शिंप्याचं नाव अँथनी सिंक्लेअर. असं सांगतात, की यंग यांनी त्यांना सूट घालूनच झोपायला लावलं. का? तर कोट अंगाला परका वाटू नये म्हणून! नवा गणवेश पहिल्या दिवशी कसा टोचतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढे नट बदलले, तसे कपडेही बदलले. रॉजर मूर सफारी सुटात दिसले. पियर्स ब्रॉस्नन यांना १९९५ पासून इटलीच्या ब्रिओनीचे सूट मिळाले. डॅनियल क्रेग यांच्यासाठी २००८ पासून टॉम फोर्डचे सूट आले.

पण गंमत बघा. १९८३ सालच्या 'ऑक्टोपसी' या बॉण्डपटाचं बरंच चित्रीकरण आपल्या उदयपूरला झालं. त्यात बॉण्डचा भारतीय सहकारी झाले होते आपले टेनिसपटू विजय अमृतराज. ते पहिल्यांदा भेटतात, तेव्हा कोण म्हणून बसलेले असतात? पुंगी वाजवणारा गारुडी म्हणून! आता सांगा, त्या घाटावर शत्रूची नजर आधी कुणावर जाईल? पुढे सर्कशीत शिरायची वेळ येते, तेव्हा खुद्द बॉण्डलाही सूट उतरवून विदूषक व्हावं लागतं.

म्हणजे बॉण्डचा सूट हा शत्रूसाठी नसतोच मुळी. तो तुमच्या-माझ्यासाठी, तिकीट काढून बघणाऱ्यांसाठी असतो. आपण त्याच्याकडे बघावं म्हणून तो शिवलेला असतो. खऱ्या हेराला मात्र कुणी बघूच नये, असे कपडे लागतात.

आपले बहिर्जी नाईक असे होते. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. सुरतेची बातमी बहिर्जींनी आणल्याचं सभासदाच्या बखरीत आलं आहे. फकीर, गोसावी, वासुदेव असे नाना वेश ते घेत, असं परंपरेनं सांगतात. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. अलीकडे 'फर्जंद' (२०१८) मध्ये प्रसाद ओक यांनी आणि 'पावनखिंड' (२०२२) मध्ये हरीश दुधाडे यांनी बहिर्जी साकारले. या नटांचं काम अवघडच म्हणायचं. शत्रूला तर ओळखू यायचं नाही, पण प्रेक्षकांना ओळखू यायचं!

आणि बरं का, नुसते कपडे घालून भागत नाही. घोंगडी खांद्यावर कशी टाकायची, काठीला टेकून कसं उभं राहायचं, बोलायचं कसं, हे सगळं जमावं लागतं. आमच्या मैंदर्गीत मुलं घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलतात. दोन्हीकडे सहज मिसळून जातात. बहिर्जींनी अशी मुलं आनंदानं निवडली असती!

स्पर्धा संपल्यावर मी त्या मुलाला विचारलं, "तुला ही कल्पना सुचली कशी रे?" तो म्हणाला, "बाई, घरात कोट नव्हता. आजोबांची घोंगडी होती."

पहिला नंबर कुणाला दिला, ते तुम्ही ओळखलंच असेल. कोटवाला जरा हिरमुसला खरा. पण थोड्याच वेळात बघते तर काय, घोंगडी त्याच्या अंगावर आणि कोट सातवीतल्या बहिर्जींच्या! कोटाच्या बाह्या जेमतेम कोपरापर्यंत आल्या होत्या. तसाच दोघांनी फोटो काढून घेतला.

त्या रात्री मला मात्र लवकर झोप लागली नाही. ते खरोखरच कुणी मामा असते तर? कोट घातलेले पाहुणे पायरीशी आले असते, तर मी धावत जाऊन खुर्ची दिली असती. घोंगडीवाल्या मामांना मात्र "बाजूला व्हा" म्हणाले. शत्रूच्या पहारेकऱ्यांनीही बहिर्जींना असंच बाजूला सारलं असेल. ते फसले, तशीच मीही फसले.

आता तुमचं काम. आजी, आजोबा किंवा शेजारच्या काकांकडे दहा मिनिटं नीट बघा. कपड्यांवरून कळलं नाही असं काय दिसलं? चार ओळी लिहून मला पाठवा. वाट बघते हं!

तुमच्या बाई