छप्पर कोणासाठी?

रस्त्याकडेची खाणावळ ही केवळ पोट भरण्याची जागा नसते. प्रवासी म्हणजे कोण, याविषयीची त्या त्या काळाची समजूत तिच्या छपरात आणि दारात उतरलेली असते. हिंगोली जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गांवर ही समजूत आज पालटत आहे.

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्याला दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीला, दुसरी हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळकडे जाते. या फाट्याची खिचडी मराठवाडाभर नावाजलेली आहे. अशा फाट्यांवरील जुन्या हॉटेलांना वास्तुशिल्प असे नव्हतेच. वर पत्रे, पुढे चूल आणि पातेले, बाहेर बाकडी. रस्त्याच्या अंगाला भिंत नसे, म्हणून दारही नसे. आणि दार नसल्यामुळे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला आत जावे की नाही, असा संकोच पडत नसे. निदान पैशाची अडवणूक नव्हती. जातीची होती. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने १९५० सालीच उपाहारगृहे सर्वांना खुली केली, तरी खेडोपाडीच्या चहाच्या हॉटेलांत वेगळी कपबशी पुढे कित्येक वर्षे टिकून राहिली. स्त्रियांसाठी प्रसाधनगृह असावे, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. तेव्हा त्या पत्र्यांविषयी हळवे होण्याचे कारण नाही.

रस्ते चौपदरी झाले की या पत्र्यांच्या जागी काचेच्या भिंती, वातानुकूलित दालन आणि पुढे मोटारींसाठी फरसबंद अंगण येते. गावोगाव एकच पाटी, एकच रंग. हा साचा मूळचा अमेरिकेतला. तेथील हॉवर्ड जॉन्सन कंपनीने आपल्या उपाहारगृहांवर नारिंगी छपरे चढवली, ती भरधाव मोटारवाल्याला दुरून ओळखू यावीत म्हणून. १९५७ साली घानाचे अर्थमंत्री ग्बेदेमा डेलावेअर राज्यातील अशाच एका उपाहारगृहात संत्र्याचा रस घेण्यास गेले. कृष्णवर्णीयांना आत बसता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. गवगवा होताच राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना न्याहारीस बोलावले. परंतु ज्यांना अध्यक्ष बोलावणार नव्हते, त्यांना बाहेरच उभे राहावे लागले. पुढे ती कंपनी विकली गेली, छपरांचे रंग बदलले आणि २०२२ साली तिचे अखेरचे उपाहारगृहही बंद पडले.

आपल्याकडील काचेचे दार कोणाची जात विचारत नाही. ते ऐपत विचारते, तेही न बोलता. पायताण झाडून दाराशी थबकणारा म्हातारा शेतकरी भावफलक वाचण्याआधीच मागे फिरतो. एस.टी.ची गाडी मात्र त्याला तेथेच आणून सोडते, कारण थांब्याचा करार महामंडळ आणि हॉटेलचालक यांच्यात होतो. ज्याच्या खिशातून पैसे जायचे, त्या उतारूला त्यात स्थान नाही. चालक-वाहकांना अशा ठिकाणी जेवण फुकट मिळते, हेही सर्वांना ठाऊक आहे. २०२५ साली परिवहनमंत्र्यांनी या थांब्यांच्या तपासणीचे आदेश दिले. तपासणीत स्वच्छता पाहिली जाईल, दर पाहिले जातील, आणि ते पाहिलेच पाहिजेत. परंतु इमारतीचा आराखडाही पाहावयास हवा. काही विकत न घेणाऱ्या उतारूसाठी सावली, बाकडी, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी विनामूल्य प्रसाधनगृह दाराच्या अलीकडेच असावे, आणि त्यावाचून कोणालाही थांब्याचा परवाना मिळू नये. हिंगोली, कळमनुरी आणि वसमतच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी आगारप्रमुखांकडे लेखी नोंदवावी.