विनामूल्य शाळांचें मोल

ज्या शाळेंत परीक्षा नाहीं व प्रशस्तिपत्रकही नाहीं, तेथें जाऊन मिळावयाचें काय, असें पालक विचारतात. प्रश्न व्यवहाराचा आहे; तो हंसण्यावारी नेणें योग्य नव्हे. त्याचें उत्तर एका घडलेल्या उदाहरणानें देतों.

अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा एके काळीं निरनिराळ्या असत. कृष्णवर्णीयांच्या शाळांस पैसा अपुरा, पुस्तकें अपुरीं. कापूसवेंचणीच्या दिवसांत तर कांहीं भागांतील त्यांच्या शाळा बंदच राहत. अशा स्थितींत चार्ल्स कॉब नामक तरुण कार्यकर्त्यानें १९६३ च्या अखेरीस स्वयंसेवकांच्या शाळांची कल्पना मांडली. पुढील उन्हाळ्यांत सुमारें चाळीस ‘स्वातंत्र्यशाळा’ उभ्या राहिल्या. हजार मुलें येतील असा अंदाज होता. आलीं दोन हजारांहून अधिक, आणि प्रौढ मंडळीही त्यांच्या शेजारीं येऊन बसली. शिकविणारे बहुतेक कॉलेजांतील विद्यार्थी. वर्ग उपासनामंदिरांत भरत, कोठें झाडाखालींही भरत.

हें काम निर्धोक नव्हतें. नेशोबा परगण्यांतील माउंट झायन हें उपासनामंदिर अशा शाळेसाठीं देण्याचें ठरलें होतें. जून १९६४ मध्यें तें जाळण्यांत आलें, व त्याची चौकशी करावयास गेलेल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. मॅकॉम्ब गांवीं कार्यकर्त्यांच्या निवासावर बाँब पडला, तेव्हां भयानें शाळेस कोणी जागा देईना. मुलें उघड्यावर हिरवळीवर शिकूं लागलीं. एका विद्यार्थिनीनें त्यावर कविता लिहिली. ती ऐकून वडीलधाऱ्यांचीं मनें द्रवलीं आणि जागा मिळाली.

तेथें वाचन, लेखन व गणित होतेंच. परंतु पाठाचा आरंभ प्रश्नानें होई. आपली स्थिति अशी कां? आपल्याजवळचें काय राखावयाचें, आणि दुसऱ्याजवळचें काय घ्यावयाचें? मुलांनीं स्वतःचीं वृत्तपत्रें काढलीं. ऑगस्टमध्यें मेरिडियन येथें परिषद भरवून शिक्षण, घरें व आरोग्य यांविषयीं ठराव केले. प्रशस्तिपत्रक कोणासही मिळालें नाहीं. विचारण्याचें धैर्य मात्र मिळालें.

आपल्या प्रांतांत ही गोष्ट नवी नाहीं. पुण्यांत मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं सावित्रीबाईंसह आपल्या घरीं कष्टकरी स्त्रीपुरुषांकरितां रात्रीची शाळा चालविली. त्यांचा ‘गुलामगिरी’ हा १८७३ चा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांनाच अर्पण केलेला आहे.

तथापि अशा शाळांचें वैगुण्य झांकूं नये. उन्हाळा सरला, बहुतेक स्वयंसेवक परतले, आणि पुष्कळ वर्ग बंद पडले. बाहेरून आलेला उत्साह पाहुण्यासारखा असतो. घर चालतें तें घरच्या माणसांनीं. म्हणून या शाळा नेहमींच्या शाळांची जागा घेतील असें मी म्हणत नाहीं. पायरीपायरीनें शिकविणें, वर्षानुवर्षें तेंच काम नेमानें करणें, हें आम्हां पगारी शिक्षकांचें काम आहे व तें राहील. पण जेथें आमचे हात पोंचत नाहींत तेथें त्या पोंचतात. आणि आम्हीं मुलांना उत्तरें पाठ करावयास लावतों, तेव्हां प्रश्न विचारूं देण्याची आठवणही त्याच आम्हांस देतात.

विद्यार्थीमित्रहो, आठवड्यांतून एक तास शेजारच्या मुलास वाचावयास शिकवा. वार ठरवा, आणि ठरविलेला वार चुकवूं नका. चार दिवस शिकवून पांचव्या दिवशीं न येणारा शिक्षक मुलाचा शिकण्यावरील विश्वासच घालवितो. आणि पालकहो, त्या तासानें तुमच्या मुलाचा अभ्यास बुडेल अशी भीति बाळगूं नका. दुसऱ्यास समजावून सांगतां येतां येतां जें स्वतःस समजतें, तें परीक्षेंतही सहसा विसरत नाहीं.