गल्ल्यावर कोण बसणार?



आपल्या रायगडात आता विमाने उतरू लागली आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, २५ डिसेंबरपासून प्रवाशांची ये-जा सुरू झाली. विमानातून उतरलेल्या माणसाला पाणी, चहा, काहीतरी खायला लागते. घरी न्यायला खाऊ लागतो. बाईला अवेळी सॅनिटरी नॅपकिन लागते. ही खरेदी किरकोळ दिसते, पण विमानतळाच्या उत्पन्नात दुकानांचा वाटा मोठा असतो. म्हणून तिथल्या गल्ल्यावर कोण बसणार, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशी दहा गावे या विमानतळासाठी उठली. सुमारे ११६० हेक्टर जमीन गेली. मोबदल्यात विकसित भूखंड ठरले, ते जमिनीच्या मालकांना. सातबाऱ्यावर नावे बहुतेक पुरुषांची! भातलावणी करणारी, खाडीत चिंबोऱ्या-कालवे वेचणारी, पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकणारी बाई कोणत्या कागदावर होती? तिच्या कमरेच्या पिशवीतला पैसा तिचा स्वतःचा होता. तो बुडाला, त्याचा पंचनामा झाला नाही.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ मध्ये ‘अवसर’ योजना आणली. तिच्यात बचत गटांना १०० ते २०० चौरस फूट जागा पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने मिळते. सुरुवात म्हणून ठीक; पण पंधरा दिवसांवर वर्षाची चूल पेटत नाही. शिवाय ही योजना प्राधिकरणाच्या विमानतळांसाठी आहे. नवी मुंबईचा कारभार खाजगी कंपनीकडे असून त्यात सिडकोचा वाटा २६ टक्के आहे. म्हणजे शासनाला हात झटकता येणार नाहीत.

विकायला आपल्याकडे काय नाही? पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडे आहेत, कोकमाचे आगळ आहे. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आहेत. हातातल्या सामानात आगळाची मोठी बाटली सुरक्षा तपासणीत अडते. उतरून बाहेर पडणाऱ्याला ती अडचण नाही. म्हणून जागा हवी ती आगमनाच्या दारापाशी.

आपल्या मागण्या सरळ आहेत. प्रकल्पग्रस्त गावांतील स्त्रियांच्या गटांना तिथे कायमचा गाळा द्या, भाडे विक्रीच्या प्रमाणात घ्या, करार बायांच्या नावे करा. चहा-पाणी परवडेल अशा दरात आणि नॅपकिन रात्रीही मिळाले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर १० रुपयांत चहा सुरू झाला. मनात आणले तर जमते.

१९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पाच जणांनी रक्त सांडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे मान्य झाले. न मागता इथे कोणाला काही मिळालेले नाही. गावागावांतल्या गटांनी आजच बैठका घ्याव्यात, ठराव करावेत आणि ते सिडकोच्या दारात नेऊन द्यावेत.