रिकामा डबा उकिरड्यावर जाळू नका

बोरिवलीच्या पुढे, पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यात ९ जानेवारी २०२५ च्या रात्री एका सदनिकेत स्फोट झाला. एकाच घरातले चौघे जखमी झाले, त्यात दोन मुले. सेंटच्या बाटल्यांवरची मुदतीची तारीख बदलण्याचे काम चालू असताना हे घडले, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. घरात चटकन पेट घेणारा माल हाताळला की काय होते, ते त्या रात्री दिसले.

ही उपनगरातली भानगड, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. झुरळे-डास मारायचा फवारा, बॉडी स्प्रे, रंगाचा स्प्रे, वाढदिवसाचा फेस हे दाबाने भरलेले डबे आता गावच्या दुकानातही मिळतात. पूर्वी यांत न पेटणारा गॅस असे. त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला. आज बहुतेक डब्यांत स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा गॅस असतो. ओझोन वाचला, पण आगीचा धोका घरात आला.

डबा तापला की आतल्या द्रवाची वाफ होते. हवा २० अंशांवरून ५० अंशांवर गेली की दाब जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच ५० अंशांपुढे तापवू नये, असे डब्यावर छापतात. पण बारीक अक्षरात, बहुधा इंग्रजीत. कुकरला शिट्टी असते, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या डब्याला बहुधा तसे काही नसते. आधी आत दबलेला तळ बाहेर येतो, मग सांधा उसवून डबा तोफगोळ्यासारखा उडतो. बाहेर पडलेला गॅस पेटला की आगीचा लोळच.

खरी मेख पुढेच आहे. फवारा बंद पडला तरी डब्यात थोडा गॅस उरतोच. आपण त्याला रिकामा समजून उकिरड्यावर टाकतो, आणि ग्रामपंचायतीचा माणूस सकाळी ढिगाला काडी लावतो. शेकायला पोरे भोवती असतातच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांचे डबे घरगुती धोकादायक कचऱ्यात धरले होते. पण वेगळे पोतेच नसेल तर नियम कागदावरच राहणार.

तेव्हा सरपंच-ग्रामसेवकांनी एवढे करावे: असे डबे सावलीत वेगळे गोळा करावेत, न निवडलेला कचरा पेटवू देऊ नये, आणि हा विषय ग्रामसभेत घ्यावा. शेतकरी बंधूंनो, डबा चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवू नका. खिळ्याने भोक पाडू नका. शेगडी पेटती असताना फवारा मारू नका. आगीत डबा पडलाच, तर काठीने ओढायला जाऊ नका; आधी माणसे लांब न्या. डबा चाळीस रुपयांचा असो की चारशेचा, गेलेला डोळा परत येत नाही.