मीटर डाउन!

‘किती चाललीये?’

सेकंडहॅण्ड गाडी बघायला गेलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. दुसरा, ‘फायनल किती?’ बास, संपला इंटरव्ह्यू! मीसुद्धा एवढीच तयारी करून गेले होते. मास कॉमच्या डिग्रीत प्रश्न विचारायला शिकवतात, गाडीखाली वाकून बघायला नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. आम्ही कणकवलीचे. तपासणीला दर दोन महिन्यांनी गोव्यात बांबोळीला जायचं, म्हणजे नुसतं जायचेच शंभरएक किलोमीटर. दर वेळी भाड्याची गाडी शोधायची. आणि रात्री दोन वाजता निघायची वेळ आली तर? माझं काम फ्रीलान्स, त्यामुळे लॅपटॉप उचलून महिन्यातले पंधरा दिवस मी गावीच असते. पण फ्रीलान्सरला कार लोन द्यायला बँका काही रांगेत उभ्या नसतात. सो, बजेट दोन लाख आणि गाडी जुनी, हे पक्कं.

दोन गाड्या शॉर्टलिस्ट झाल्या. एकाच मॉडेलच्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही २०१४ च्या. लाल गाडी मालवणच्या बाजूला, किनाऱ्यालगतच्या एका घरात. मालक मुंबईला. गणपतीत आणि मे महिन्यात काय ती बाहेर निघायची. मीटरवर ३८,०००. मागच्या सीटचं प्लास्टिकसुद्धा शाबूत! मागणी २ लाख २० हजार. पांढरी गाडी एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असा त्याचा कायमचा फेरा. मीटरवर १,४२,०००. मागणी १ लाख ८५ हजार.

बाबांनी फोनवरचे फोटो बघूनच निकाल दिला, ‘लाल घे. दुसरी चालून चालून संपलीय.’ मलाही लालच आवडली होती. पण ‘एकदा दाखवून तरी घेऊ’ म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना सोबत नेलं.

काकांनी मीटरकडे बघितलंच नाही. बॅटरी घेतली आणि थेट जमिनीवर आडवे झाले. पायाखालचं मॅटिंग उचललं तर कुबट वास. दाराच्या खालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो बिस्किटात जावा तसा आत गेला. हॅण्डब्रेक काढला तरी मागची चाकं सोडेनात. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. टायरची नक्षी एकदम कडक दिसत होती, पण काकांनी बाजूवर कोरलेले चार आकडे दाखवले : १४१४. म्हणजे २०१४ सालातला चौदावा आठवडा. जन्मापासूनचे तेच टायर, आणि रबराला बारीक भेगा!

‘बाय, मीटर कित्याक बघतंस?’ काका हात पुसत म्हणाले. ‘गाडी उबी रवली की कुजता. मानूस बसान रवलो की ढोपरां धरतत, तसाच.’

कोकणात हे दुप्पट खरं. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात किनाऱ्याची खारी हवा. गाडी ताडपत्रीखाली झाकली तर दमट हवा आतच कोंडते. बॅटरी बसते, रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही. मीटर फक्त चाकं किती फिरली ते सांगतो.

मग पांढरी बघितली. स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हरची सीट खचलेली, बंपरवर ओरखडे. पण खालून पत्रा ठणठणीत. आणि मालकाकडे सर्व्हिसिंगच्या बिलांची अख्खी फाइल! मी हिशेब केला. १,४२,००० भागिले बारा वर्षं, म्हणजे वर्षाला १२,००० सुद्धा नाही. दिवसाला साधारण ३२ किलोमीटर. एवढ्याला ‘संपली’ म्हणायचं?

शिवाय हे किलोमीटर बहुतेक हायवेचे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या सरासरीने ४०,००० किलोमीटर चालवा, इंजिन २,००० तास चालतं. हायवेवर ताशी ५० ने एक लाख चालवा, तरी तास तेवढेच, २,०००! वर सिग्नलला सिग्नलला दाबलेला क्लच आणि ब्रेक वाचला, तो वेगळा.

म्हणजे किलोमीटरला काही अर्थच नाही का? आहे ना. लाखाच्या पुढे गेलेली गाडी तुमच्याकडे खर्चाची यादी घेऊन येते. क्लच, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग. टायमिंग बेल्टवालं इंजिन असेल तर तो शेवटचा कधी बदलला हे विचाराच. तो चालू गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात आणि बिल ऐकून आपणही! पण हा खर्च आधी कळतो. अंदाज काढता येतो, किमतीतून वजा करता येतो. कुजलेला पत्रा मात्र दुरुस्त केला तरी पुन्हा डोकं वर काढतो.

आणि मीटर खोटाही असू शकतो, बॉस. डिजिटल आकडासुद्धा मागे नेणारे महाभाग आहेत. म्हणून सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे तारखेप्रमाणे लावून बघा. मीटर ४०,००० आणि ब्रेक पेडलचं रबर पार झिजलेलं, असं असेल तर गोड हसून निघा. गाडी सकाळी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

आरटीओसुद्धा तुम्हाला किलोमीटर विचारत नाही. विचारतो ते वय. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. म्हणजे दोन्ही गाड्यांना हा खर्च २०२९ मध्ये सारखाच.

अमेरिकेत आयर्व्ह गॉर्डन नावाचे एक विज्ञानशिक्षक होते. त्यांनी १९६६ मध्ये व्होल्वो पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये तिच्यावर ३० लाख मैल पूर्ण केले. आपल्या हिशेबात ४८ लाख किलोमीटर! जादू काही नाही. रोज चालवायची, वेळेवर सर्व्हिसिंग करायचं. सॉलिड ना?

काकांनी पांढरीवर २२,००० चं काम काढलं. तो कागद पुढे ठेवून घासाघीस केली आणि १ लाख ६० हजारांत डील झालं. दुसऱ्याच महिन्यात एका व्हील बेअरिंगने आवाज द्यायला सुरुवात केली, २,८०० गेले. बाबा आठवडाभर ‘तरी मी सांगत होतो’ मोडमध्ये! पण आतापर्यंत बांबोळीच्या तीन वाऱ्या झाल्या. त्यातली एक भर पावसात, पहाटे साडेतीनला निघून. गाडीने एकदाही मान टाकली नाही. त्या पहाटेनंतर बाबांनी लाल गाडीचं नाव काढलेलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना रोज चार किलोमीटर चालायला सांगितलंय. ऑपरेशननंतर ते खुर्ची सोडायलाच तयार नव्हते. आता सकाळी स्टेशनच्या रस्त्याने जाऊन येतात. आल्या आल्या मी चहा पुढे करते आणि विचारते,

‘किती चाललात?’